पेटीचे मोल

वाशीम जिल्ह्यातील आसेगाव हे काही मोठ्या बाजारपेठेचे गाव नव्हे. काळी जमीन, कापूस, तूर आणि अलीकडच्या काळात सोयाबीन, एवढ्यावर तेथला संसार चालतो. तीन राजांच्या सणाच्या सुमारास घरे आशीर्वादित करीत आम्ही तेथील एका ख्रिस्ती कुटुंबाकडे गेलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा झाला, आणि घरातल्या वृद्ध आजींनी आतल्या खोलीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक लाकडी पेटी आणून आमच्यासमोर ठेवली. झाकण उघडले. आत काचेखाली पितळेचा एक रूळ आणि त्याला टेकलेली पोलादाची फणी दिसत होती. आजींनी बाजूचा दांडा चार-सहा वेळा ओढला, एक खटका सरकवला, आणि त्या शेणाने सारवलेल्या ओसरीवर एक परदेशी चाल हळूहळू झिरपू लागली. मध्येच एखादा सूर गळत होता. बोळक्या तोंडाने कोणी गाणे म्हणावे, तसे ते ऐकू येत होते.

चाल संपली आणि आजींनी विचारले, "फादर, भंगारवाला पंधराशे देतो म्हणते, अन् पोराचा दोस्त म्हणते लाखाची वस्तू हाय. नातीची नर्सिंगची फी भरा लागते. आता खरं काय समजावं जी?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले, लॅटिनची तोंडओळख करून दिली. परंतु जुन्या पेटीची किंमत कशी ठरवावी, हे कोणी शिकवले नव्हते. शिवाय या प्रश्नाने आमच्या मनातील एक जुनी जखम उघडी झाली. गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आम्ही एका लहानशा धर्मग्रामात सहायक होतो. तेथील माळ्यावर नाताळच्या गोठ्याचा एक यांत्रिक देखावा पडून होता. चावी दिली की मेंढपाळ गव्हाणीभोवती फिरत आणि पोटातली लहान संगीतपेटी वाजे, असे वडीलधारी माणसे सांगत. आम्ही चावी फिरवली, ती सैल फिरली. यंत्र मेले आहे असे ठरवून आम्ही ते पितळेच्या वजनावर विकून टाकले. आलेल्या पैशांत दोन झाडू आणि एक बादली आली! पुढे कित्येक वर्षांनी एका घड्याळजीने सांगितले, की चावी सैल फिरणे याचा अर्थ बहुधा स्प्रिंग तुटली एवढाच असतो, आणि ती बदलता येते. तो गोठा आमच्या अज्ञानापायी गेला. म्हणून आजींच्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देण्याचे धाडस आम्ही केले नाही. 'थोडा अवधी द्या,' असे म्हणून आम्ही निघालो आणि या विषयाचा शोध घेऊ लागलो. त्या शोधात जे हाती लागले, ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहोत; कारण अशी एखादी पेटी, घड्याळ वा चावीची बाहुली आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर असेल, सांगता येत नाही.

कोंबडा, जोगी आणि तीन राजे

आपोआप हलणाऱ्या आकृतींचे वेड माणसाला फार पुरातन काळापासून आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी पाण्याच्या बळावर आपोआप वाजणाऱ्या वाद्याची रचना लिहून ठेवली; फिरणाऱ्या रुळावरील उंचवट्यांनी सूर निवडावेत ही कल्पना त्यात आहे. आजींच्या पेटीतला रूळ हा तिचाच वंशज म्हणावा लागेल. आपल्याकडे अकराव्या शतकात धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांचे एक स्वतंत्र प्रकरण असून, त्यात नाचणाऱ्या बाहुल्या, बोलणारे पक्षी आणि दाराशी उभे राहणारे यांत्रिक रक्षक यांचे वर्णन आहे.

युरोपात या विद्येला आश्रय मिळाला तो पुष्कळ अंशी चर्चच्या छायेत. स्ट्रासबर्ग येथील कॅथेड्रलमध्ये १३५२ ते १३५४ या काळात एक भव्य घड्याळ उभारण्यात आले. ते 'तीन राजांचे घड्याळ' म्हणून ओळखले जाई. कारण ठरावीक वेळी तीन राजे पुढे येऊन मरियामाता आणि बाळ येशू यांच्यापुढे नतमस्तक होत, आणि वर बसलेला लोखंडी कोंबडा पंख फडफडवून आरवत असे. ते घड्याळ गेले, १५७४ मध्ये त्याच्या जागी दुसरे आले, आणि १८४३ मध्ये तिसरे. त्या तिसऱ्यात बारा प्रेषित प्रभूसमोरून जातात आणि कोंबडा तीनदा आरवतो. पेत्राने केलेल्या नकाराची ती आठवण होय. पहिल्या घड्याळाचा तो लोखंडी कोंबडा मात्र त्याच शहराच्या संग्रहालयात आजही आहे. साडेसहाशे वर्षांहून अधिक वय झालेल्या त्या पक्ष्याची किंमत कोण करणार?

याहून विलक्षण वस्तू म्हणजे अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहातील यांत्रिक जोगी. सोळाव्या शतकाच्या मध्यावर, बहुधा स्पेनमध्ये, तयार झालेली ही सुमारे पंधरा इंच उंचीची लाकूड-लोखंडाची आकृती आहे. चावी दिली की हा संन्यासी चालू लागतो, उजव्या हाताने ऊर बडवतो, डाव्या हातातील क्रूस वर-खाली करतो, ओठ हलवतो आणि मधूनच क्रूसाचे चुंबन घेतो. परंपरा अशी सांगते, की १५६२ मध्ये स्पेनचा राजपुत्र दोन कार्लोस जिन्यावरून पडून मरणोन्मुख झाला असता, संत दिएगो यांच्या मध्यस्थीने तो बरा झाला, आणि राजा दुसरा फिलिप याने कृतज्ञतेपोटी ही आकृती करवून घेतली. कथेचा पुरावा पक्का नाही. परंतु आकृती पक्की आहे, आणि ती अजून चालते. वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे आसेगावी तो आमच्या उपयोगी पडला.

आपल्या देशातही असे नवल आले ते बऱ्याच अंशी गोव्याच्या वाटेने. अकबर बादशहाने हाजी हबीबुल्ला नावाच्या आपल्या माणसाला गोव्यास पाठवले होते. त्याने तेथून आणलेल्या वस्तूंत एक ऑर्गन होता. माणसाच्या उंचीच्या त्या पेटीचे वर्णन बदायुनी या इतिहासकाराने मोठ्या अचंब्याने करून ठेवले आहे. ते वाद्य माणूस वाजवीत असे. परंतु पेटीतून सूर निघतात या गोष्टीचे दरबाराला वाटलेले आश्चर्य तेच होते, जे आसेगावच्या ओसरीवर शेजारच्या मुलांच्या चेहऱ्यावर आम्ही पाहिले. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १६०१ मध्ये, येशूसंघीय फादर मातेओ रिची यांनी पेकिंगच्या दरबारात ठोके देणारी घड्याळे नजर केली, आणि त्या घड्याळांची देखभाल करावी लागते या निमित्ताने मिशनऱ्यांना राजधानीत राहता आले.

घंटेवाचून घंटानाद

जिला आपण संगीतपेटी म्हणतो, तिचा जन्म मात्र बराच अलीकडचा. १७९६ मध्ये जिनिव्हा येथील आंत्वान फाव्र या घड्याळजीने तेथील कलासंस्थेपुढे एक युक्ती मांडली. तोवर घड्याळात सूर हवे असले, तर लहान लहान घंटा आणि त्यांवर आपटणाऱ्या हातोड्या बसवाव्या लागत. फाव्रने घंटा काढून टाकल्या आणि पोलादाच्या पट्टीला कमी-अधिक लांबीचे दाते पाडून ते सुरात लावले. फिरणाऱ्या रुळावरचा काटा दात्याला उचलून सोडतो आणि दाता झणकारतो. सारे रहस्य एवढेच आहे. रूळ किंचित बाजूला सरकला की काट्यांची दुसरी रांग दात्यांसमोर येते आणि दुसरी चाल सुरू होते. एका रुळावर सहा, आठ, बारा चाली अशा रीतीने मावतात. आजींच्या पेटीत आठ होत्या.

त्यापूर्वीच, १७६८ ते १७७४ या काळात, स्वित्झर्लंडमधील जाके-द्रो पितापुत्रांनी आपल्या साथीदारासह लिहिणारा मुलगा, चित्रे काढणारा मुलगा आणि वाद्य वाजवणारी तरुणी अशा तीन आकृती घडवल्या होत्या. तरुणी खरोखरच बोटांनी पट्ट्या दाबते आणि तिचा ऊर श्वासाने वर-खाली होतो. त्या तिघांचा मुक्काम आता न्यूशातेलच्या संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही कला कारखान्यांत गेल्या. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागातील सेंत-क्र्वा या गावी आणि जिनिव्हा येथे संगीतपेट्या हजारोंनी तयार होऊ लागल्या. पॅरिसमध्ये विशी, रूले ए देकां यांसारख्या कारखान्यांतून चावीच्या बाहुल्या निघू लागल्या. १८८५ च्या सुमारास जर्मनीतील लाइपझिग येथे रुळाऐवजी भोके पाडलेली धातूची तबकडी आली. तबकडी बदलली की चाल बदलली, त्यामुळे पेट्या स्वस्त झाल्या. पण त्याआधीच, १८७७ मध्ये, एडिसनने माणसाचा आवाज पकडला होता. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, आणि हिंदुस्थानातल्या दिवाणखान्यांतही ग्रामोफोनचे राज्य सुरू झाले. माणसाचे गाणे घरात येऊ लागल्यावर पोलादी दात्यांचे कौतुक कोणाला राहणार? पेट्या माळ्यावर गेल्या.

आपल्या वाड्यांत आणि मनोऱ्यांत

हा सारा परदेशाचा इतिहास झाला. आपल्या भूमीवर काय आहे? मुंबईच्या राजाबाई मनोऱ्याखालून आपल्यापैकी अनेकजण गेले असतील. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे दिलेल्या दोन लाख रुपयांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या २८० फुटी मनोऱ्याची कोनशिला १८६९ मध्ये बसली आणि १८७८ मध्ये काम पूर्ण झाले. मातोश्री दृष्टिहीन होत्या आणि जैन धर्माच्या नियमानुसार सूर्यास्तापूर्वी जेवत. घंटेमुळे त्यांना वेळ कळावी, अशी हेतूची आख्यायिका सांगतात. या मनोऱ्याच्या घड्याळात इंग्रजी अमदानीत सोळा चाली वाजत आणि दिवसातून चार वेळा चाल बदले. अशा घड्याळांतही काटे बसवलेला मोठा रूळ फिरतो आणि हातोड्या उचलतो. म्हणजे तत्त्व संगीतपेटीचेच, फक्त फणीच्या जागी प्रचंड घंटा. पुढे त्या चाली थांबल्या आणि दर पंधरा मिनिटांचा एकच नाद उरला. मनोऱ्याची डागडुजी होऊन २०१५ मध्ये तो पुन्हा उजळला. दगड उजळता येतो. विसरलेली चाल पुन्हा लोकांच्या कानी बसवणे मात्र कठीण असते.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील संगीत-घड्याळ हे आणखी भाग्यवान. वऱ्हाडच्या लोकांना सालारजंग हे नाव परके नाही. १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वऱ्हाड निजामाला परत मिळावा म्हणून पहिल्या सालारजंगांनी अनेक वर्षे खटपट केली होती. त्यांचे नातू तिसरे सालारजंग यांनी जगभरच्या वस्तू जमवल्या. १९४९ मध्ये ते निवर्तले आणि १९५१ मध्ये संग्रहालय सुरू झाले. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीचे ते घड्याळ. तास भरत आला की वरच्या खणातून एक दाढीवाला ठेंगू बाहेर येतो आणि जितके वाजले तितके टोले देतो. दुपारी बाराला तेथे इतकी गर्दी होते, की लहान मुलांना खांद्यावर घ्यावे लागते. लिलावातली बोली हे किमतीचे एक माप असेल, तर खांद्यावरची ती मुले हे दुसरे.

दुरुस्तीचा धडा मिळतो तो टिपू सुलतानाच्या वाघाकडून. माणसाला खाली पाडून त्याच्या गळ्याशी झोंबणारा हा सुमारे पावणेसहा फूट लांबीचा लाकडी वाघ १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनला गेला. मूठ फिरवली की माणसाचा हात वर-खाली होतो आणि कण्हणे ऐकू येते. वाघाच्या कुशीत अठरा सुरांचा छोटा ऑर्गनही आहे. परंतु लंडनमध्ये लोकांनी तो हौसेने वाजवून वाजवून जेरीस आणला, पुढे दुसऱ्या महायुद्धात छत कोसळून त्याची मोडतोड झाली, आणि वेळोवेळीच्या दुरुस्त्यांत आतील वाद्य इतके बदलले, की टिपूच्या कानांनी जे ऐकले तेच आज ऐकू येते असे म्हणवत नाही. तोडणाऱ्याच्या हातून जसे नुकसान होते, तसे ते उत्साही दुरुस्ती करणाऱ्याच्या हातूनही होते.

आणि पुण्याचे दिनकर केळकर यांना कसे विसरावे? 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी अडकित्ते, दिवे, दौती, पेटारे, वाद्ये अशा वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावे संग्रहालय उभे केले. ज्या वस्तूंना लोक अडगळ म्हणत, त्या त्यांनी पाहिल्या, नोंदल्या आणि जपल्या. वस्तू तीच राहिली, पाहणारा बदलला.

पारख कशी करावी

आता आजींच्या प्रश्नाकडे वळू. मराठीत 'किंमत' आणि 'मोल' असे दोन शब्द आहेत हे आपले भाग्य होय. मोल ज्याचे त्याने जाणावे. किंमत मात्र तपासून ठरवावी लागते, आणि त्या तपासणीची एक रीत आहे.

पहिली गोष्ट, वस्तू कोणती आहे ते ओळखावे. रुळाची पेटी की तबकडीची? चावी वेगळी आहे की दांडा पेटीतच आहे? साधारणपणे वेगळ्या चावीच्या पेट्या आधीच्या आणि दांड्याच्या नंतरच्या. झाकणाच्या आत चालींची यादी चिकटवलेली असते. ती फाटकी असली तरी काढू नये. कारागिराचे नाव किंवा क्रमांक फणीवर, पितळी बैठकीवर वा यादीवर सापडतो.

दुसरी गोष्ट, फणीचे दाते मोजावेत. एक जरी तुटलेला असला तरी किंमत उतरते. कारण तसा दाता घडवून सुरात लावणारे हात आता जगात थोडे उरले आहेत. मग रुळावरचे काटे पाहावेत, ते सरळ आहेत की वाकले आहेत. दात्याखाली सूर आवरणारी केसासारखी बारीक तार असते. ती झिजली की सुराआधी चरचर ऐकू येते.

तिसरी गोष्ट मूळपणाची. रंग नवा, पॉलिश नवे, बाहुलीचे रेशमी कपडे नवे, हे पाहून आपल्याला आनंद होतो. जाणकाराला होत नाही. मूळचा विटका रेशमी झगा हा नव्या जरीपेक्षा अधिक मोलाचा. म्हणून विकण्यापूर्वी 'जरा चकचकीत करू' हा मोह टाळावा.

चौथी गोष्ट भावाची. दुकानदार काय मागतो हा भाव नव्हे. तशाच वस्तूला, तशाच स्थितीत, उघड लिलावात प्रत्यक्षात काय मिळाले, हा भाव. संगीतपेट्यांच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय संस्था अमेरिकेत १९४९ पासून आणि दुसरी ब्रिटनमध्ये १९६२ पासून काम करीत आहे. थोर लिलावगृहेही झालेल्या विक्रीचे आकडे प्रसिद्ध करतात. ते पाहिले की दोन भ्रम एकदम दूर होतात. जुने म्हणजे लाखाचे, हा पहिला. एकोणिसाव्या शतकातील साध्या स्विस पेट्या इतक्या निघाल्या, की वय हा एकटा गुण त्यांना फारसा पुढे नेत नाही. आणि वाजत नाही म्हणजे भंगार, हा दुसरा भ्रम. तो आम्हांस फार महागात पडला होता.

एक सूचना जीव तोडून सांगावीशी वाटते. पेटीत एक छोटा पंखा गरगर फिरतो. तो वेगाला आवर घालतो. स्प्रिंग भरलेली असताना कोणी तो पंखा सैल केला, तर रूळ सुसाट सुटतो आणि क्षणार्धात काटे वाकतात, दाते तुटतात. शंभर वर्षे टिकलेली पेटी एका क्षणात मरते. म्हणून पेच काढू नयेत, चाल मध्येच थांबवून पेटी हलवू नये. चाल पुरी होऊन ती आपोआप थांबू द्यावी आणि प्रवासापूर्वी स्प्रिंग पूर्ण उतरू द्यावी.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. घरोघर हिंडणाऱ्या खरेदीदाराला हा परवाना मागण्यास लाजू नये. चर्चच्या मालकीच्या वस्तूंबाबत तर आम्हां धर्मगुरूंवर अधिक बंधन आहे. चर्चच्या विधिसंहितेचे कलम १२८३ सांस्कृतिक मोलाच्या वस्तूंची नेमकी यादी ठेवावयास सांगते, आणि कलेच्या वा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू विकण्यास कलम १२९२ प्रमाणे पवित्र सिंहासनाची अनुज्ञा लागते. आमच्या तरुणपणी ही कलमे आम्ही परीक्षेत लिहिली होती. माळ्यावर चढताना ती आठवली नाहीत.

पुन्हा आसेगावी

एवढी तयारी करून आम्ही, अकोल्यातील एका वृद्ध घड्याळजीला सोबत घेऊन, पुन्हा आसेगावी गेलो. त्यांनी भिंग लावून अर्धा तास पेटी पाहिली. यंत्र शाबूत होते, काटे बहुतांशी सरळ होते, पंखा ठीक होता. फणीचे दोन दाते मात्र तुटलेले होते. यादीवरची फ्रेंच अक्षरे अर्धी पुसली होती आणि कारागिराचे नाव कोठेच नव्हते. फणीला हात लावण्यास घड्याळजींनी साफ नकार दिला. "हे माझे काम नव्हे, मी बिघडवीन," असे ते म्हणाले. त्या नकाराने आमच्या मनातील त्यांच्याविषयीचा आदर दुणावला.

मग प्रश्न आला, पेटी या घरात आली कशी? यावर घरातच दोन मते निघाली. आजींचे दीर म्हणाले, त्यांच्या आजोबांना ती एका मिशनरी फादरांनी भेट दिली. आजी म्हणाल्या, कोण्या साहेबाच्या बंगल्यातले सामान विकले गेले, तेव्हा ती पाच-दहा रुपयांना घेतली, असे सासूबाईंच्या तोंडून ऐकले आहे.

येथे आम्हांला मोठा मोह झाला, हे कबूल करतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नागपूर प्रांतात सुवार्ता घेऊन आलेले संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे फादर हे आनसी येथून आलेले. आनसी जिनिव्हापासून अवघ्या चाळीस किलोमीटरवर! स्वतः संत फ्रान्सिस हे जिनिव्हाचे बिशप होते. म्हणजे संगीतपेटीची जन्मभूमी आणि आमच्या विदर्भातील श्रद्धेची जन्मभूमी एकमेकींच्या शेजारी. अशा पेटीला 'आद्य मिशनऱ्याची भेट' अशी चिठ्ठी लावली असती, तर ऐकणाऱ्याने मान डोलावली असती, आणि किंमतही वाढली असती. दिरांचा आग्रह तोच होता. परंतु जवळ ना पत्र, ना नोंद, ना पेटीवर एखादे नाव. दोन गावे शेजारी असणे हा योगायोग झाला. पुरावा झाला नाही. स्पेनच्या त्या जोग्याची कथा सांगणारे विद्वान जसे 'परंपरा अशी सांगते' एवढे म्हणून थांबतात, तसेच आम्हीही थांबावे, असे आम्ही सुचवले. दीर थोडे नाराज झाले.

निवाडा आजींनी केला. त्या म्हणाल्या, "घेणाऱ्याले दोन्ही गोष्टी सांगा. अन् दोन दात तुटले हायत, हेही सांगा. लपवून इकलं तर त्या पैशानं शिकलेली पोरगी दवाखान्यात खरं कशी बोलन?"

यानंतर आम्ही काय बोलणार? पेटीची छायाचित्रे घेतली, मोजमापे लिहिली, दोन तुटके दाते आणि दोन्ही कहाण्या जशाच्या तशा नमूद केल्या, आणि तो कागद दोन-तीन जाणकारांकडे पाठवला. महिन्याभरात मुंबईच्या एका संग्राहकाशी व्यवहार ठरला. रकमेचा आकडा ही त्या घराची बाब. तो येथे लिहीत नाही. भंगारवाल्याच्या बोलीहून ती पुष्कळ अधिक होती आणि दोस्ताच्या लाखाहून पुष्कळ कमी. नातीचा प्रवेश झाला.

काही वाचक विचारतील, घराण्याचा ठेवा विकू दिलात कशाला? ठेवा जपावा, हे खरे. तो अडगळीत कुजण्यापेक्षा जाणत्याच्या हाती जावा, हेही तितकेच खरे. मोल कळले म्हणजे वस्तूला चिकटून बसलेच पाहिजे, असे नाही. मोल कळले, की आपण फसत नाही आणि दुसऱ्याला फसवत नाही. सोडावयाचे झाले तर काय सोडतो आहोत, हे जाणून सोडतो. आमच्या हातून गेलेल्या त्या गोठ्याचे दुःख तो गेला याचे नाही. काय गेले हे ठाऊक नसताना गेला, याचे आहे.

पेटी न्यावयास माणूस येणार होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी आजींनी शेजारपाजारच्या साऱ्यांना ओसरीवर बोलावले. आठही चाली क्रमाने वाजल्या, नातीने त्या आपल्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. शेवटची चाल संपून यंत्र आपोआप थांबले. मग आजींनी स्प्रिंग पुरती उतरू दिली, झाकण लावले आणि पेटी त्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली. लुगडे मात्र परत पाठवा, असे त्यांनी बजावले होते, आणि ते परत आले.